आर्गनची व्हॉल्ववाली टॉर्च पहिल्यांदा जोडतोय, पुढे टाकीच्या आत वेल्डिंग आहे, सुरक्षित कसं करायचं?

विश्वामित्री_किनारा
नमस्कार मंडळी. मी बडोद्याचा, मांजलपूरला छोटं वर्कशॉप आहे. ग्रिल, गेट, पत्र्याची शेड अशी कामं करतो, सगळी रॉडवर. आता एसएसची (स्टेनलेस स्टीलची) कामं यायला लागलीत आणि येणारा प्रत्येक जण विचारतो आर्गन करता का (म्हणजे टंगस्टनच्या काडीनं, आर्गन गॅस सोडून करायचं वेल्डिंग), म्हणून सिंगल फेजचं २०० अँपिअरचं जुनं वेल्डिंग इन्व्हर्टर घेतलं. सोबत टॉर्च आलीय, तिच्यावर डब्ल्यूपी-२६ लिहिलंय, मुठीजवळ गॅसचा फिरवायचा छोटा व्हॉल्व आहे, पण बटण कुठेच नाही. मशीनमधे गॅस जायची जागाच नाही, टॉर्चच्या केबलमधनं एक बारीक पाइप वेगळा बाहेर येतो तो सरळ बाटल्याच्या रेग्युलेटरला जोडायचा म्हणे.

आता प्रश्न. टॉर्च प्लसला लावायची का मायनसला? विकणारा म्हणाला "बन्नेमां चालशे" (दोन्हीत चालेल), पण मला ते पटत नाहीये. दुसरं, एका डबीत सिरॅमिकचे कप, पितळी नळ्या, दोन पांढऱ्या रिंगा आणि लाल टोकाच्या टंगस्टनच्या काड्या आहेत, कशावर काय बसतं आणि किती आवळायचं? तिसरं म्हणजे, काल मशीन चालू होतं, आर्क चालू नव्हता, हातमोजा घामानं भिजलेला आणि टंगस्टनला बोट लागलं तर चांगलीच झिणझिणी आली. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आहे, तो पडला नाही. मग तो खराब आहे का?

आणि खरं काम हे की एका डेअरीवाल्याची १००० लिटरची उभी टाकी करायचीय, एसएस ३०४ ची २ मिमीची शीट, आतली सीम (जोडाची रेघ) आतून मारायची असं तो म्हणतो. वरनं मॅनहोल आहे, माणूस आत उतरतो कसाबसा. मी आणि भाचा दोघंच आहोत. नवरात्राच्या आत द्यायचीय. घाई आहे पण भाच्याला घेऊन काम करायचंय म्हणून आधी नीट विचारून घेतोय.

जुना_मकरपुरा
भाऊ आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगतो, मग पार्टांचं. तुमची ही टॉर्च बिनबटणाची आहे, म्हणजे मशीनचा स्विच ऑन केला त्या क्षणापासून टंगस्टनवर करंट उभा असतो, आर्क असो नसो. साध्या इन्व्हर्टरवर नो-लोडला, म्हणजे आर्क पेटलेला नसताना, ६० ते ८० व्होल्ट असतात, कोरड्या हाताला जाणवणारही नाहीत पण श्रावण-भाद्रपदात घामानं भिजलेल्या हाताला आणि ओल्या कोब्यावर उभं असताना ते भरपूर झाले. तेव्हा झिणझिणी आली यात नवल नाही. रॉडच्या होल्डरमधे पण रॉड असाच लाइव्ह असतो, पण रॉड आपण बोटानं सारखा करत बसत नाही, आणि टंगस्टन मात्र माणूस दिवसभर बाहेर काढतो, घासतो, परत घालतो, आत-बाहेर सरकवतो. म्हणून नियम एकच, टॉर्चच्या पुढच्या कुठल्याही पार्टला हात लावायच्या आधी मशीन बंद. टंगस्टन काढायचं तरी बंद, कप बदलायचा तरी बंद, नुसती काडी दोन मिमी पुढे घ्यायची असली तरी बंद. आणि सुरू करताना मशीन सगळ्यात शेवटी. भाच्याच्या हातालाही हाच क्रम लावा, पहिल्या दिवसापासनं.

टॉर्च मायनसला, अर्थचा क्लॅम्प प्लसला. रॉडला आपण बऱ्याचदा होल्डर प्लसला ठेवतो म्हणून हात तिकडेच जातो. टॉर्च प्लसला लावली की उष्णता जॉबवर न जाता टंगस्टनवर येते, टोक वितळून गोळा होतो आणि थेंब तुटून वेल्डमधे पडतो, टॉर्चचं डोकंही तापतं. एसएस आणि एमएस (साधं लोखंड) दोन्हीला डीसी आणि टॉर्च मायनसच. अल्युमिनियमला एसी लागतो, ते या मशीनवर होणार नाही, कोणी काम घेऊन आला तर सरळ नाही म्हणा.

आता डबी. पांढरी रिंग म्हणजे इन्सुलेटर, टेफ्लॉनची असते, ती आधी टॉर्चच्या डोक्यावर बसते. मग पुढून कोलेट बॉडी म्हणजे आटे असलेली जाड पितळी नळी, ती नीट घट्ट. इथे लोक ढिलं सोडतात. बॉडी ढिली राहिली की करंट तिथे नीट पास होत नाही आणि आट्यातच गरम होऊन डोकं जळतं. तिच्यात बारीक चिरलेली नळी म्हणजे कोलेट, मग टंगस्टन, मागून बॅक कॅप. बॅक कॅप फिरवला की तो कोलेटला पुढे ढकलतो आणि कोलेट काडीला पकडतो, म्हणून बॅक कॅप हातानं घट्ट करायचा, पक्कड लावायची नाही. शेवटी पुढून सिरॅमिक कप, तोही हातानंच. कोलेट, कोलेट बॉडी आणि काडी तिन्ही एकाच मापाचे हवेत. २.४ ची काडी तर २.४ चा कोलेट, १.६ ची काडी २.४ च्या कोलेटमधे दाबून बसवली तर ती हलते, तापते आणि वेल्डिंग करताना मागे सरकते.

ती पांढरी रिंग नसली तरी टॉर्च चालते, म्हणून बऱ्याच दुकानांत ती हरवलेलीच असते. पण मग कपाच्या मागनं हवा ओढली जाते आणि डोक्याचं तांबं जॉबला टेकायला मोकळं राहतं. तुमच्या डबीत दोन आहेत त्यातली एक साध्या कपाची, दुसरी बहुतेक गॅस लेन्सच्या (गॅस शांत, सरळ सोडणाऱ्या जाळीवाल्या बॉडीच्या) कपाची असेल, दोघींची मापं वेगळी, अदलाबदल करू नका. बॅक कॅपमधे एक काळा ओ-रिंग असतो तोही बघा. चिरलेला असला तर मागनं हवा जाते, आणि कॅपच तडकलेला असला तर आत लाइव्ह भाग हाताशी येतो. तडकलेला कॅप टेप मारून वापरायचा नाही, नवा आणा, काही महाग नाही.

दोन्ही प्लग सॉकेटमधे घालून उजवीकडे फिरवून लॉक होईपर्यंत बसवा. अर्धवट बसलेला प्लग सॉकेट जाळतो. अर्थचा क्लॅम्प जॉबवरच, वेल्डिंगच्या जवळ, रंग-गंज घासून उघड्या धातूवर. टेबलाच्या पायाला लावून करंटनं वाट शोधत यावं अशी अपेक्षा ठेवू नका, तो मग चेन ब्लॉकच्या साखळीतनं नाहीतर ड्रिल मशीनच्या बेअरिंगमधनं येतो.

एसएस_रेलिंगवाला
मी पण हीच टॉर्च वापरतो, रेलिंगला मस्त चालते. गॅस मिनिटाला १५ लिटरवर ठेवा म्हणजे टेन्शन नाही, जास्त गॅस म्हणजे जास्त संरक्षण. आणि पाइपला तेल असतं ते ब्रेक क्लीनरचा स्प्रे मारून पुसून घेतो, एका मिनिटात चकाचक. काळी काच ११ ची. बाकी सराव.

आयटीआय_शिकवते
मी वेल्डर ट्रेड शिकवते, त्यामुळे रेलिंगवाले दादांच्या दोन्ही गोष्टींवर थांबवावंच लागतंय, विशेषतः दुसऱ्या.

ब्रेक क्लीनरमधे, आणि डीग्रीजिंगची म्हणून बाटलीत मिळतात त्या अनेक द्रवांमधे क्लोरीन असलेलं सॉल्व्हंट असतं, ट्रायक्लोरोएथिलीन, परक्लोरोएथिलीन वगैरे. आर्गनच्या आर्कला धूर कमी असतो म्हणून त्याचे अतिनील किरण रॉडच्या आर्कपेक्षा जास्त मोकळे बाहेर पडतात, आणि त्या किरणांनी आणि उष्णतेनं या सॉल्व्हंटच्या वाफेचा फॉस्जीन बनू शकतो. पहिल्या महायुद्धात विषारी वायू म्हणून वापरला तोच. भयंकर गोष्ट ही की थोडा फॉस्जीन श्वासात गेला तर त्या वेळी घशाला जरासं खवखवतं, किंवा तेवढंही नाही, आणि काही तासांनी, कधी रात्री झोपेत, फुप्फुसात पाणी भरायला लागतं. माणूस जेवून घरी गेलेला असतो, कोणाला संबंधच लागत नाही. पाइपच्या आत, कोपऱ्यात, दोन पत्र्यांच्या फटीत क्लीनर साठून राहतो आणि वरनं वाळल्यासारखा दिसतो. दादा, तो कॅन वेल्डिंगच्या जागेतून उचलाच. अ‍ॅसिटोननं कापड ओलं करून पुसा, पूर्ण उडू द्या, बाटली आणि कापड लांब नेऊन ठेवा, मग आर्क. अ‍ॅसिटोन पेट घेतो, पण त्यात क्लोरीन नाही. नंतर एसएसची तार असलेल्या ब्रशनं घासा, आणि तो ब्रश लोखंडाला कधीच लावू नका, नाहीतर टाकीला गंजाचे ठिपके येतील.

गॅसचं: कपाचा नंबर म्हणजे त्याच्या तोंडाचं माप इंचाच्या सोळाव्या भागात. ६ नंबर म्हणजे साडेनऊ मिमी, ८ नंबर म्हणजे १२.७. ६ नंबरच्या कपाला मिनिटाला ७-८ लिटर भरपूर. त्याच कपातून १५ सोडले की गॅस शांत खाली न येता घुसळतो आणि आजूबाजूची हवा आत ओढतो, वेल्ड काळा पडतो आणि माणूस समजतो गॅस कमी आहे म्हणून अजून वाढवतो. मोठा कप घेतला तर वाढवा, गॅस लेन्स लावली तर टंगस्टन थोडं जास्त बाहेर काढता येतं. साध्या कपाला ४-५ मिमी बाहेर पुरे. पंखा सरळ अंगावर असेल तर मात्र कितीही गॅस सोडा, उडून जाणार.

विश्वामित्री भाऊ, तुमचा ईएलसीबी खराब असेलच असं नाही. त्याचं टेस्टचं बटण दाबा, पडला तर तो चालू आहे. तो बघतो ते २३० व्होल्टच्या लाइनमधे गेलेला आणि परत आलेला करंट सारखा आहे का एवढंच. वेल्डिंग मशीनच्या आत ट्रान्सफॉर्मरनं वेल्डिंगची बाजू लाइनपासून पूर्ण वेगळी केलेली असते, त्यामुळे टंगस्टनमधून तुमच्या हातातून जॉबकडे जाणारा करंट त्याला दिसतच नाही. मशीनच्या बॉडीत करंट उतरला, केबल सोलली गेली तर तो तुम्हाला वाचवेल, म्हणून हवाच, आणि थ्री-पिनचं अर्थिंगही खरं हवं. पण टॉर्चच्या शॉकला उपाय म्हणजे कोरडे हातमोजे, दोन जोड्या ठेवा आणि भिजला की बदला, कोरडे बूट, पायाखाली लाकडी फळी किंवा रबरी मॅट. आणि मकरपुरावाल्या काकांचा क्रम. मशीनवर व्हीआरडी असेल तर तो चालू ठेवा, त्यानं नो-लोडचे व्होल्ट खाली येतात.

लाल टोकाच्या काड्यांबद्दल कोणी बोललं नाही. लाल म्हणजे २ टक्के थोरियम ऑक्साइड मिसळलेलं टंगस्टन, थोरियम किरणोत्सारी आहे, अगदी थोडा. काडी खिशात ठेवली म्हणून काही होत नाही, धोका आहे तो घासताना उडणाऱ्या धुळीचा, ती श्वासातून आत गेली की तिथेच राहते. हल्ली याच कामाला लॅन्थॅनमची सोनेरी किंवा निळ्या टोकाची, नाहीतर सिरियमची करड्या टोकाची मिळते, कोलेट तोच, मशीन तेच, काहीच बदलावं लागत नाही. मी वर्गात लाल काढून टाकली. तुमच्याकडच्या काड्या संपवायच्याच म्हणत असाल तर मास्क लावून घासा, धूळ ओल्या फडक्यानं पुसा, हवेनं उडवू नका. टोक काडीच्या लांबीच्या दिशेनं घासायचं, आडवं नाही, आणि टोकाची लांबी काडीच्या जाडीच्या दुप्पट-अडीचपट. टंगस्टनचा दगड वेगळाच ठेवा.

डोळ्यांचं: ११ ची काच शंभर-सव्वाशे अँपिअरला ठीक. पण आर्गनला धूर नाही, ठिणग्या नाहीत म्हणून मदतनीस बिनधास्त शेजारी उभा राहून बघतो, आणि डोळे जळतात ते सहा-आठ तासांनी, मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखे. त्या वेळी घरात कोणी बटाट्याच्या चकत्या, कोणी दूध सुचवेल, डोळ्यांत काहीही घालू नका, डॉक्टरकडे जा. भाच्यालाही हेल्मेट द्या, आणि गळा-मनगट झाकणारे जाड सुती कपडे. पॉलिस्टरचा शर्ट वितळून अंगाला चिकटतो.

जुना_मकरपुरा
ताई, ईएलसीबीचं फार छान समजावलं, इतकी वर्षं लोक मला विचारतात आणि मी एवढंच सांगायचो की त्याच्या भरवशावर राहू नका.

बाटल्याचं राहिलं. आर्गनचा बाटला आपल्याकडे निळा असतो, पण नुसत्या रंगावर जाऊ नका, लेबल वाचा, चिकटवलेली चिठ्ठी वाचा. साखळीनं भिंतीला नाहीतर ट्रॉलीला बांधलेला हवा, भरलेल्या बाटल्यात १५० बारच्या आसपास प्रेशर असतं आणि पडून वरचा व्हॉल्व तुटला तर तो कुठे जाईल सांगता येत नाही. रेग्युलेटर लावायच्या आधी व्हॉल्व क्षणभर उघडून बंद करा म्हणजे आतली धूळ उडून जाते, तोंडासमोर कोणी नको. मग रेग्युलेटर, आट्यांना तेल-ग्रीस नाही, टेफ्लॉन टेप नाही. रेग्युलेटरची चकती डावीकडे पूर्ण ढिली करून, बाजूला उभं राहून बाटला हळूहळू उघडायचा. सरळ काचेसमोर तोंड करून झटक्यात उघडू नका. नळीवाला फ्लोमीटर असेल तर तो उभा सरळ हवा, तिरका असला की आतली गोळी खोटं दाखवते. सगळे जॉइंट साबणाच्या पाण्यानं बघा, टॉर्चकडे जाणारी बारीक नळी पण. रात्री काम संपलं की बाटल्यावर बंद, टॉर्चवर नव्हे. ४७ लिटरच्या बाटल्यात साधारण ७ घनमीटर गॅस येतो, मिनिटाला ८ लिटरनं साडेचौदा तास चालतो, तुमचा त्याच्या निम्म्यात संपत असेल तर कुठेतरी गळतंय.

आणि तुमच्या टॉर्चला पोस्ट-फ्लो, म्हणजे आर्क तुटल्यावरही थोडा वेळ गॅस येत राहणं, आपोआप नाही. आर्क तोडला की टॉर्च तिथेच धरून ठेवा, आठ-दहा सेकंद, मग मुठीचा व्हॉल्व बंद. नाहीतर टंगस्टन निळं-काळं पडतं. सुरू करताना उलटं, आधी व्हॉल्व, दोन सेकंद गॅस येऊ द्या, मग तांब्याच्या तुकड्यावर हलकं घासून आर्क. डब्ल्यूपी-२६ हवेनं थंड होणारी टॉर्च आहे, २०० अँपिअरची, तुम्हाला २ मिमीला ७०-८० च्या आसपासच लागतील, त्यामुळे तापण्याचा प्रश्न नाही.

टाकीच्या आत उतरायचं ते मात्र मला पटत नाही. नंदेसरीच्या केमिकल प्लँटवाले कोणी असतील तर बोला.

नंदेसरी_सेफ्टी
इथेच आहे. केमिकल प्लँटमधे व्हेसल एंट्रीची, म्हणजे बंद टाकीत माणूस उतरवायची, परमिटं बघण्यात आयुष्य गेलं, म्हणून जरा लांब लिहितो, वाचा.

आर्गन विषारी नाही, पेटत नाही, वास नाही, रंग नाही, आणि म्हणूनच माणूस त्याला घाबरत नाही. तो हवेपेक्षा साधारण १.४ पट जड आहे. उघड्या शेडमधे तो जमिनीवर पसरून निघून जातो, काही प्रश्न नाही. टाकीला खाली दार नसतं, त्यामुळे तो विहिरीतल्या पाण्यासारखा तळापासून वर भरत येतो. तुम्ही तळाची सीम मारायला वाकलेले असता, म्हणजे नाक नेमकं तिथेच.

हिशोब करून बघा. टाकी १००० लिटरची, गॅस मिनिटाला ८ लिटर. सगळा गॅस हवेत एकसारखा मिसळला असं धरलं, म्हणजे चांगल्यात चांगली स्थिती, तरी २१ टक्के ऑक्सिजन साडेएकोणीसच्या खाली जायला नऊ मिनिटं लागतात. साडेएकोणीसच्या खाली आत जायचंच नाही असा नियम आहे. अर्ध्या तासात १६-१७ वर. आणि तळाशी तर एकसारखा मिसळतच नाही, तिथे याहून वाईट. त्यात माणूस आतला ऑक्सिजन वापरतो आहे तो वेगळाच.

गुदमरलं तर कळेल, बाहेर येऊ, असं वाटतं ना? कळत नाही. श्वास कोंडल्याची भावना येते ती रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की. इथे तुम्ही नीट श्वास सोडताय, कार्बन डायऑक्साइड बाहेर जातोय, फक्त आत येणाऱ्या हवेत ऑक्सिजन नाही. म्हणून धाप नाही, घुसमट नाही. थोडा कमी असला तर डोकं हलकं होतं, हात मंद चालतात, विचार चुकतो, आणि जवळपास निव्वळ आर्गनमधे एक-दोन श्वासांत माणूस खाली पडतो. खाली म्हणजे अजून जास्त आर्गनमधे.

आणि मग बाहेरचा माणूस काय करतो? भाचा काय करेल? मामा पडलेला दिसला की उडी मारेल आत. बंद जागेतल्या अपघातात दुसरं, तिसरं प्रेत असंच होतं. आत जाणाऱ्याला वाचवायला गेलेला. गटारातल्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, गॅस वेगळा पण गोष्ट तीच. म्हणून तुम्ही भाच्याला आजच, काम सुरू व्हायच्या आधी, बसवून सांगा की मी पडलो तरी तू आत यायचं नाहीस, बाटला बंद करायचा, मशीन बंद करायचं, दोरी ओढायची, ओरडून माणसं जमवायची, १०८ लावायचा. पुन्हा त्याच्याकडून म्हणवून घ्या. नाकाला लावायचा कपडा, एन-९५, कार्बनचा काडतूसवाला मास्क, यातलं काहीही इथे चालत नाही, ते गाळतात, ऑक्सिजन बनवत नाहीत.

आत उतरणं टळणारच नसेल तर: ब्लोअरनं बाहेरची हवा डक्टमधून तळापर्यंत सतत, आर्कवर नाही तर तुमच्या छातीच्या बाजूनं. ऑक्सिजनचा बाटला हवा खेळती करायला कधीही सोडायचा नाही, कपडे पेटतात आणि विझत नाहीत. ऑक्सिजन मीटर अंगावर, अलार्म चालू, भाड्यानं मिळतो. अंगात हार्नेस, दोरी बाहेर वर बांधलेली, मॅनहोलमधून माणूस ओढून काढता येतो की नाही ते आधी रिकाम्या टाकीवर करून बघा. बाहेर एक माणूस, त्याला दुसरं काहीही काम नाही, चहा आणायलाही जायचं नाही. मशीन आणि बाटला बाहेर. जेवायला उठलात की टॉर्च टाकीतून बाहेर काढा आणि बाटला बंद करा. तुमचा मुठीचा व्हॉल्व झिजलेला असला तर जेवणाच्या तासाभरात टाकी भरते आणि तुम्ही पोट भरून पुन्हा आत उतरता. शॉकचंही तसंच, टाकीत तुम्ही सगळीकडून धातूला टेकलेले, घामानं भिजलेले. अशा जागेसाठीच्या मशीनवर चौकटीत इंग्रजी एस अक्षर असतं, तुमच्या मशीनच्या पाटीवर बघा, नसेल तर ते आत वापरायचं नाही.

दोन माणसांचं वर्कशॉप, मीटर नाही, ब्लोअर नाही, तर माझं उत्तर सरळ नाही असं आहे. डेअरीवाल्याला दुसरा मार्ग द्या.

जुना_मकरपुरा
दुसरा मार्ग आहे ना. २ मिमीची शीट आहे, बाहेरूनच पूर्ण पेनिट्रेशन मारा, म्हणजे वेल्ड आरपार आतल्या बाजूपर्यंत जाऊ द्या, आणि आतून मागच्या बाजूला आर्गन द्या. सीमच्या आतल्या बाजूला पत्र्याची छोटी चॅनलची पट्टी अल्युमिनियमच्या टेपनं चिकटवायची, तिच्यात बारीक नळीनं हलकासा गॅस, मिनिटाला ४-५ लिटर, दुसऱ्या टोकाला छोटं भोक हवा बाहेर जायला. मागची बाजू चांदीसारखी नाहीतर फिकट सोनेरी येते. गॅस न देता मारलं तर आतून काळी, साखरेसारखी खडबडीत होते आणि दूध तिथेच अडकून नासतं, डेअरीवाला म्हणूनच आतून मारा म्हणत असणार. उभी सीम आणि तळ शीट बंद व्हायच्या आधी, टाकी उघडी असताना जोडा. वरचं झाकण आणि मॅनहोल शेवटी. क्रम नीट लावला तर आत माणूस उतरायची गरजच राहत नाही.

विश्वामित्री_किनारा
सगळ्यांचे मनापासून आभार. टॉर्च काल खोलून बसवली. ओ-रिंग चिरलेलाच होता, बॅक कॅप आणि रिंग नवी आणली, टॉर्च मायनसला लावली, निळ्या टोकाच्या काड्या घेतल्या. एसएसच्या तुकड्यांवर सराव चालू आहे, ६ नंबर कप, ८ लिटर, वेल्ड सोनेरी येतोय. मशीनच्या पाटीवर एसचं चिन्ह नाहीये. डेअरीवाल्याला बाहेरून मारून एक तुकडा कापून आतली बाजू दाखवली, तो तयार झाला.

एक शंका राहिली. मागून आर्गन देताना आणि नंतर टाकीत गॅस साठणारच ना, मग आतली टेप काढायला आणि बफ मारायला हात घालायचा कधी?

नंदेसरी_सेफ्टी
बरोबर विचारलंत, इथेच लोक फसतात. गॅस चालू असेपर्यंत मॅनहोलवर पाटी लावा, "आत आर्गन, डोकं घालू नये", गुजरातीत पण लिहा, शेजारचा कारागीर डोकावून बघतोच. काम संपलं की दोन्ही बाटले बंद, नळ्या टाकीतून बाहेर. मग टाकी आडवी करा, मॅनहोल खालच्या बाजूला येईल अशी, जड गॅस आपोआप वाहून जातो. वर पंखा नाहीतर ब्लोअर आत तोंड करून अर्धा तास तरी. मीटर भाड्यानं आणलात तर तळाशी दोरीनं सोडून वाचा, २०.९ दाखवला की पुढे. टेप लांब दांड्यानं बाहेरून काढता आली तर उत्तम. बफ मारताना पण ब्लोअर चालू ठेवा, एसएसची धूळ आणि वेल्डिंगचा धूर दोन्हीत क्रोमियम असतं, तिथे मात्र मास्क हवाच.

आयटीआय_शिकवते
आणि टाकी आडवी करताना खाली लाकडी ठोकळे द्या, लोखंडी नकोत, एसएसला ओरखडा आणि गंज दोन्ही लागतात. भाच्याचं वय १८ पूर्ण असेल आणि त्याला हे शिकायचं असेल तर गोरव्याच्या आयटीआयमधे चौकशी करू दे, हात तुमच्याकडे बसेल, पण कागदही हातात असलेला बरा.

एसएस_रेलिंगवाला
ताई, क्लीनरचे उरलेले कॅन शेडमधून हलवले. आज ८ लिटरवर पाइप मारला, जॉइंट आधीपेक्षा स्वच्छ आलाय. अ‍ॅसिटोन रंगाच्या दुकानात मिळेल ना?

आयटीआय_शिकवते
मिळेल, पण थिनर देतील तो घेऊ नका, थिनरमधे काय काय मिसळलंय ते सांगता येत नाही. कॅनवर अ‍ॅसिटोन लिहिलेलं बघूनच घ्या, आणि उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका.